राखणीचे ओझे कोणावर?

ज्याची देवावर श्रद्धा आहे त्याने खिडकीला गज बसवावेत का? हा प्रश्न माझ्या सुनेने विचारला, आणि तिला खरेच उत्तर हवे होते. मी रोज हरिपाठ म्हणते. आमचे घर पुण्यात, तळमजल्यावर. दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या विंगमध्ये चोर शिरला तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून. त्याने काचेची सरकती झडप नुसती वर उचलली, रुळातून काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. काच फुटली नाही की आवाज झाला नाही. तेव्हापासून ग्रिलवाला रोज कोणाकडे तरी माप घ्यायला येतो आहे.

असा विषय निघाला की शनिशिंगणापूरचे नाव येतेच. नेवासे तालुक्यातल्या त्या गावात परंपरेने घरांना चौकटी असतात, दारे नसतात. कुत्री आत येऊ नयेत म्हणून फार तर एखादी फळी आडवी लावतात. २०११ मध्ये युको बँकेनेही तिथे कुलपाशिवाय शाखा उघडली. पण तिथला विश्वास सगळ्या गावाने मिळून पाळलेला आहे. चोरी केली तर शनिदेव शिक्षा करील, हे घरधन्याइतकेच चोरानेही मानावे लागते. माझ्या गल्लीतून जाणाऱ्या परक्या माणसाशी माझे असे काही ठरलेले नाही. इथे खिडकी उघडी टाकून 'देव बघेल' म्हणणे म्हणजे आपले काम देवाच्या अंगावर ढकलणे.

माझे वडील कीर्तन करत. तुलसीदासांची कथा सांगताना त्यांचा आवाज दाटून येई. चोर रात्री घर फोडायला येतात, तर दाराशी धनुष्यबाण घेतलेला एक सावळा तरुण पहारा देतो आहे. सकाळी चोरच येऊन विचारतात, तुमचा तो राखणदार कोण? तुलसीदासांना सगळे उमगते आणि ते रडू लागतात. आपल्या चार भांड्यांसाठी रामाला रात्रभर उभे राहावे लागले! मग घरात असेल नसेल ते सगळे ते वाटून टाकतात. रामाने पहारा दिला यापेक्षा मला ते वाटून टाकणे मोठे वाटते. पतंजलींच्या पाच यमांत अस्तेयही आहे आणि अपरिग्रहही. चोराने अस्तेय पाळावे अशी अपेक्षा धरणाऱ्या मला माझा परिग्रह आधी पाहायला हवा. म्हणून ग्रिलवाल्याला बोलावण्यापूर्वी मी कपाट उघडले. सासूबाईंचे दागिने दोन्ही मुलींना आणि सुनेला देऊन टाकले. तांब्या-पितळेची वापरात नसलेली भांडी ज्यांना हवी होती त्यांच्या घरी गेली.

तुलसीदासांच्या दारी राम उभा होता, आमच्या फाटकाशी बारा तासांची ड्यूटी करणारा वॉचमन उभा असतो. शेजारी चोरी झाली तेव्हा पहिले बोट त्याच्याकडे गेले, दुसरे धुणेभांडी करणाऱ्या बाईंकडे. पुरावा काहीच नव्हता. चोराने नेलेले सोने पुन्हा घेता येईल. या दोघांचे गेलेले नाव सोसायटी कुठून भरून देणार? गीतेतली दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते. आपण भिऊ नये आणि आपली कोणाला भीती वाटू नये, दोन्ही त्यात येते असे मी मानते. संशयी घरात दोन्ही नसतात. गज निर्जीव असतात, ते कोणावर आळ घेत नाहीत. खिडकी नीट बंदोबस्ताची असली की मला येणाऱ्या-जाणाऱ्याकडे वाईट नजरेने पाहावे लागत नाही. माझ्या श्रद्धेत गज बसतात ते यामुळे.

मग कसे बसवायचे? जुन्या वाड्यांतल्या खिडक्यांचे उभे गज लाकडी चौकटीतच रोवलेले असत, ते मला अजून पटते. ग्रिल झडपेच्या आतल्या बाजूला, भिंतीत पक्के रोवून घ्यावे. बाहेरून नुसत्या स्क्रूवर बसवलेले ग्रिल पेचकसाने निघते. सळ्या भरीव घ्याव्यात आणि दोन सळ्यांत दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नये, म्हणजे लहान मुलाचे डोके आत जात नाही. सरकत्या झडपेच्या वरच्या रुळात अडथळ्याचा स्क्रू मारला की ती उचलता येत नाही. पावसाळ्यापूर्वी गंज खरवडून रेड ऑक्साइड लावावे.

एका गोष्टीवर मात्र मी सुनेशी आणि ग्रिलवाल्याशी हटून बसले. एका खोलीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप हवीच. दाराशी आग लागली तर चोराला अडवणारे तेच गज घरच्यांना अडवतात. वस्तू राखताना माणूस कोंडला गेला, तर ती राखण अधर्माची झाली. त्या झडपेच्या कुलपाची किल्ली हाताशी, पण बाहेरून काठी घालून ओढता येणार नाही अशा खुंटीवर ठेवावी.

तुमच्या घराला बॉक्स ग्रिल असेल तर आज ते आतून उघडून पाहा. उघडत नसेल तर वेल्डरला बोलवा, आणि किल्ली कुठे असते ते घरातल्या आजी-आजोबांना आणि मुलांना दाखवून ठेवा.