कानातला रातकिडा
पहाटेची शांतता प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. काहींच्या कानात अखंड रातकिडा किरकिरतो. झोप उडते, जीव मेटाकुटीला येतो. हे मनाचे खेळ नव्हेत. बहुधा अंतर्कर्णातल्या नाजूक पेशी झिजतात, मग हरवलेला आवाज शोधताना मेंदूच नाद उमटवतो. १८०१ साली संगीतकार बेथोव्हेननं मित्राला पत्रातून हीच व्यथा कळवली. त्याच्या नऊपैकी आठ सिंफनी त्यानंतर पूर्ण झाल्या.

कानातल्या या नादावर हमखास गोळी नाही. पण श्रवणतपासणी, गरजेनुसार श्रवणयंत्र, मंद आवाजाची सोबत आणि समुपदेशन यांनी त्रास सुसह्य होतो. नाद एकाच कानात असेल, तर डॉक्टरांना दाखवा. अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी गाठा.

आणि घरातलं कुणी ही तक्रार सांगत असेल, तर आज त्याचं मनापासून ऐका.