धीर देवळापुरताच का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या महिन्यात आम्ही घरची सात माणसं बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला गेलो. कवळ्याला श्रीशांतादुर्गेची ओटी भरायची होती. सुट्टीचा दिवस, गर्दी भरपूर. दीड तास रांगेत उभे होतो. पाय दुखत होते, पण कुणाच्या तोंडून एक वाकडा शब्द गेला नाही. मनात नाम चालू होतं.

तिथून फोंड्याला एका हॉटेलात जेवायला गेलो. ऑर्डर देऊन पाऊण तास झाला तरी टेबलावर पाण्याच्या ग्लासांशिवाय काही नाही. वाढणारा पोरगा दर वेळी "आणतो काका" म्हणायचा आणि पुढे जायचा. शेवटी माझा आवाज चढला. "आम्ही काय फुकट जेवायला आलोय काय?" सगळ्यांसमोर बोललो. तो मान खाली घालून आत गेला.

थोड्या वेळाने ताटं आली. वाफाळता भात, तिरफळाचा वास सुटलेलं खतखतं, ताजी सोलकढी. खरं सांगतो, असं चवीचं जेवण फार दिवसांनी जेवलो. तेवढ्यात नातीने विचारलं, "आजोबा, देवळात इतका वेळ उभं राहिलो तरी तुम्ही रागावला नाहीत. इथं तर पंख्याखाली बसलो होतो, मग का रागावलात?" घास तोंडातच राहिला.

परतताना घाटभर तोच विचार. देवळात आपण मागायला आलेलो असतो, म्हणून लहान होऊन उभे राहतो. हॉटेलात पैसे देणार म्हणून मोठे होतो. म्हणजे तो धीर समोर कोण आहे हे बघून धरलेला होता. मोठ्यापुढे गप्प राहायला साधना लागत नाही. जो आपल्याला उलट बोलू शकत नाही, त्याच्यापुढे जीभ आवरते का, ही खरी परीक्षा.

कुणी म्हणेल, पैसे मोजून उशीर का सोसायचा? बरोबर आहे. उशीर झाला तर विचारावं. गल्ल्यावरच्या मालकाला "माणसं कमी पडतायत, बघा जरा" असं स्पष्ट सांगावं. त्यात काही चूक नाही. पण मी मालकाला चकार शब्द बोललो नाही. बिल देताना उलट हसून "जेवण झकास होतं" म्हटलं. दहा-बारा टेबलं एकटा सांभाळणाऱ्या पोराला मात्र बोललो. तिथं एकच माणूस ठेवायचं त्यानं ठरवलं नव्हतं. खतखत्यातल्या भाज्या शिजायला लागणारा वेळही त्याच्या हातात नव्हता. माझा राग न्यायाचा असता तर गल्ल्याकडे गेला असता. तो गेला उताराकडे, पाण्यासारखा.

आपल्या भंडाऱ्यात मीही पंगतीला वाढतो. एकदा भाताचं पातेलं अजून चुलीवरच होतं आणि पंगतीतून कुणीतरी माझ्यावर ओरडलं. तो आवाज अजून आठवतो. तरी त्या दिवशी विसरलो, कारण त्या दिवशी मी पानावर बसलो होतो.

निघताना त्या पोराला "चुकलो रे बाबा" म्हणावं असं मनात आलं. चार वाजले होते. तो आतल्या दाराशी भिंतीला टेकून उभ्या उभ्या जेवत होता. मला संकोच वाटला, मी गाडीत जाऊन बसलो. ती माफी राहून गेली. म्हणूनच आज तुम्हा सर्वांसमोर हे लिहिलं.

या गुरुवारी आरती झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच आठवावं. आठवडाभरात आपण ज्याला ज्याला बोललो, त्यातला कोण आपल्याला उलट बोलू शकत होता? जो बोलू शकत नव्हता, त्याच्याकडे उद्याच जावं. माझ्यासारखं गाडीत जाऊन बसू नये.

गुरुचरणी एवढीच प्रार्थना. 🙏