अन्नाचे मोल आणि अन्नाचे ऋण

ताटातील अन्नाची किंमत चुकती केली म्हणजे ते अन्न सर्वस्वी खाणाऱ्याचे झाले काय? व्यवहार या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देतो. धर्मविचार मात्र तेथे थांबत नाही. प्राणिमात्र अन्नापासून होतात आणि अन्न पर्जन्यापासून, असे श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. आणि केवळ स्वतःसाठी अन्न शिजविणारा पापच भक्षण करतो, असा इशाराही तेथेच दिला आहे.

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर हा क्रम प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस काजळी नदीच्या खोऱ्यातील भातखाचरे भिजवितो आणि भाट्याच्या खाडीतून सागरास मिळतो. त्या पाण्यातील पोषक द्रव्यांवर समुद्रातील सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर लहान जीव व पुढे मासळी पोसली जाते. शेतात भाताची लावणी चालते, त्याच दिवसांत अनेक जातींच्या माशांची वीण होते. म्हणूनच नारळी पौर्णिमेस सागराला श्रीफळ अर्पण करून मगच होड्या लोटण्याची परंपरा कोळी समाजाने जपली. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यान्वये शासनानेही यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा बंदीकाळ ठरविला आहे.

या काळात नौका किनाऱ्यावर शाकारून मच्छीमार आपली मिळकत थांबवितो. त्याने संयम पाळावा आणि खाणाऱ्याने मात्र पावसाळ्यातही ताजी मासळी किंवा अपुऱ्या वाढीची पिल्ले मागावीत, हा न्याय नव्हे. श्रावणात अनेक घरी सामिष आहार वर्ज्य असतो. हा नेम केवळ स्वतःच्या पुण्यासाठी न राहता दुसऱ्या जीवाला वाढण्यास दिलेली सवड ठरला, तर त्या व्रताचा अर्थ अधिक खोल होतो.

शाकाहारी भाविकही या ऋणातून मुक्त नाहीत. महाप्रसादाच्या भातामागे भर पावसात, चिखलात वाकून लावणी करणाऱ्यांचे कष्ट आहेत, तसेच अन्नदात्याची श्रद्धा आहे. पानात टाकलेल्या घासाबरोबर हे सारे वाया जाते. भोजनापूर्वी चित्राहुती घालण्याची रीत हेच सुचविते की, अन्नावर पहिला हक्क खाणाऱ्याचा नाही.

म्हणून भाविकांनी प्रसाद हवा तेवढाच घ्यावा, पान स्वच्छ करावे आणि निर्माल्य वा प्लॅस्टिक सागरात टाकू नये. अन्नदान करणाऱ्याइतकेच पुण्य अन्न राखणाऱ्याच्याही पदरी पडते.