शेवटचा वाटेकरी

रानातील पशुपक्ष्यांची शिकार आणि त्यांचे रक्षण या दोन गोष्टी एकाच भूमीवर नांदू शकतील काय, हा प्रश्न ब्रिटनमध्ये दर वर्षी १२ ऑगस्टला ग्राऊस पक्ष्याच्या शिकारीचा मोसम उघडला की नव्याने उपस्थित होतो, १० डिसेंबरला तो मोसम मिटेपर्यंत त्यावर वाद झडत राहतात, आणि अखेरीस उभय पक्षांनी थोडेथोडे मागे सरून समतोल साधावा, असा सर्वांना बरा वाटणारा व कोणालाच बांधून न ठेवणारा निष्कर्ष काढून तो दप्तरी दाखल केला जातो. आपल्याकडे रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या उपद्रवाची चर्चा निघाली की ब्रिटनचा हाच दाखला देऊन, तेथे बंदूक आणि पक्षी सुखाने एकत्र राहतात, मग येथेच का राहू नयेत, असे विचारणारेही भेटतात. म्हणून त्या दूरच्या वादाचा परामर्श मराठी वाचकाने घेणे अप्रस्तुत ठरू नये.

या समतोलाच्या कल्पनेतच मला मूळ दोष दिसतो. तीत बंदूकधारी जमीनदार आणि पक्षिमित्र असे दोन मनुष्यपक्ष गृहीत धरलेले असतात, त्यांच्या मागण्यांचा मध्य काढणे म्हणजेच न्याय असे मानले जाते, आणि ज्या भूमीवर हा सारा व्यवहार चालतो ती वर्षाकाठी काय देऊ शकते व तिच्यावर आणखी कोणाकोणाचा हक्क आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. पक्ष्याची पिल्ले किड्यांवर जगतात, किडे तणांवर जगतात आणि तण जगतील की मरतील हे शेतकऱ्याच्या फवारणीवर ठरते. माणसांच्या मतांचा मध्य काढल्याने या शृंखलेतील एकही कडी बळकट होत नाही. शिकार असावी की नसावी यापेक्षा शिकाऱ्याच्या हाती लागणारा पक्षी कोणत्या हिशेबातून आला, हा प्रश्न मला अधिक मूलगामी वाटतो.

प्राणिहत्या सर्वथैव वर्ज्य मानणाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु त्यांचा विचार मनुष्याच्या आचाराचा आहे, रानाच्या व्यवस्थेचा नव्हे. आफ्रिकेत शिकारीच्या शुल्कातून गावांचे भले होते हा युक्तिवाद त्या त्या देशाच्या जमाखर्चातच तपासला पाहिजे. मला ज्या मताशी झुंजावयाचे आहे ते या दोहोंहून प्रबळ, अधिक सभ्य आणि म्हणूनच अधिक घातक आहे. शिकारी हाच रानाचा खरा राखणदार होय, त्याची बंदूक गेली की त्याची आस्था जाते आणि आस्था गेली की रानही जाते, असे ते मत आहे.

या मताच्या पाठीशी इतिहास मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. कोल्हापूर दरबारच्या राखीव रानातून राधानगरीचे अभयारण्य झाले आणि जंजिऱ्याच्या नबाबाच्या शिकारीच्या जंगलातून फणसाडचे. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रारंभीच्या सभासदांत बंदूक बाळगणारे पुष्कळ होते, आणि खुद्द सालिम अलींची पक्षिविद्येची वाट त्यांनी बालपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाली. ब्रिटनमध्ये तर प्रत्यक्ष प्रयोगाचा आधार आहे. नॉर्थंबरलंडमधील ऑटरबर्नच्या माळांवर २००० ते २००८ या काळात खोकड, कावळे इत्यादी भक्षक आळीपाळीने काही क्षेत्रांतून काढून आणि काहींत राहू देऊन तुलना करण्यात आली, तेव्हा जेथे भक्षक कमी केले तेथे जमिनीवर घरटी करणाऱ्या लॅपविंग, सोनचिखल्या आणि कर्ल्यू या पक्ष्यांची वीण सुमारे तिप्पट यशस्वी ठरली. कर्ल्यू साऱ्या ब्रिटनभर घटत असताना हा निष्कर्ष दृष्टीआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु या प्रयोगाने जेवढे सिद्ध केले त्याहून पुष्कळ अधिक सिद्ध झाल्याचे शिकारपक्ष गृहीत धरतो. ऑटरबर्नची घरटी भक्षक कमी केल्यामुळे वाचली. ग्राऊसवर बार काढल्यामुळे वाचली नाहीत. रखवालदाराचा पगार शिकारीच्या उत्पन्नातून निघतो, असे यावर उत्तर येते, आणि ते खरेही आहे. पण पगार देणाऱ्याची अपेक्षा त्या पगाराबरोबरच माळावर येते. ही शिकार हाक्याची असते. हाकारे रांगेने पुढे सरकत पक्षी उठवितात, ते आडोशाला उभ्या असलेल्या बंदूकवाल्यांच्या डोक्यावरून जातात, आणि असा हाका किफायतशीर व्हावयाचा तर माळावर ग्राऊसची दाटी असावी लागते. ती साधण्याच्या मार्गात खोकड येतो तसा हेन हॅरिअरही येतो. आपल्या माळरानांवर हिवाळ्यात उतरणाऱ्या भोवत्यांच्याच कुळातला हा शिकारी पक्षी १९५४ पासून तेथील कायद्याच्या संरक्षणाखाली आहे. तरीही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपग्रहाद्वारे माग काढता येईल अशी साधने बसविलेल्या ५८ हॅरिअरांपैकी ७२ टक्के पक्षी बेकायदा मारले गेल्याचे निश्चित झाले किंवा तशी दाट शक्यता दिसली. आणि २०१३ मध्ये तर साऱ्या इंग्लंडमध्ये या पक्ष्याची एकही वीण यशस्वी झाली नाही. जो राखणदार कर्ल्यूची अंडी राखतो त्याच्याच व्यवस्थेच्या आश्रयाने हॅरिअर नाहीसा होतो, तेव्हा त्या व्यवस्थेची आस्था रानावर आहे की रानातील एका पक्ष्यावर, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो.

येथे लँगहोमचा दाखला पुढे केला जातो, आणि त्याची छाननी सविस्तर केली पाहिजे, कारण शिकारपक्षाची सारी भिस्त त्याच्यावर आहे. दक्षिण स्कॉटलंडमधील लँगहोमच्या माळावर १९९२ पासून पाच वर्षे हॅरिअरांना कोणी हात लावला नाही. विणीच्या माद्या दोनावरून वीसवर गेल्या, ग्राऊस घटले आणि हाक्याची शिकार बंद करावी लागली. पुढे रखवालदारही गेले, खोकड आणि कावळे वाढले, आणि मग हॅरिअरही पुन्हा कमी झाले. यावरून, हॅरिअरला राखावयाचे असेल तर आधी शिकाऱ्याला राखा, असा सिद्धान्त मांडला जातो. हा सिद्धान्त मांडणारे त्याच अभ्यासातील एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. १९४८ ते १९८८ या चाळीस वर्षांत त्या माळावरील हेदरचे, म्हणजे ग्राऊसच्या अन्नाचे व आसऱ्याचे, प्राबल्य असलेले क्षेत्र मेंढ्यांच्या अतिचराईने जवळजवळ निम्म्याने आटले होते. हेदरच्या जागी गवत आले, गवताबरोबर शेतउंदीर आणि लहान पक्षी वाढले, आणि त्या खाद्याच्या ओढीने हॅरिअर मोठ्या संख्येने तेथे विणीला बसले. भूमीच्या जमाखर्चात तूट आली होती ती चाळीस वर्षांपूर्वीपासून. हॅरिअरने ती उघडकीस आणली, आणि फिर्याद मात्र त्याच्यावर झाली. लँगहोमने इतकेच सिद्ध केले की खंगलेल्या माळावर हाक्याला पुरेल इतका ग्राऊस आणि निसर्गक्रमाने येणारा हॅरिअर हे दोन्ही मावत नाहीत. शिकाऱ्यावाचून रान नाही, हे सिद्ध केले नाही.

फेझंटच्या शिकारीत तर हिशेबाचा देखावाही उरलेला नाही. हा पक्षी मूळचा आशियातला. ब्रिटनमध्ये दर वर्षी कोट्यवधी फेझंट पिंजऱ्यांतून वाढवून उन्हाळ्यात रानात सोडले जातात, दाणा टाकून जगविले जातात आणि १ ऑक्टोबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत टिपले जातात. त्यांच्यासाठी राखलेल्या झाडीचा लाभ इतर पक्ष्यांना मिळतो हे मान्य. पण शिकाऱ्याच्या पदरात किती पक्षी पडतील हे त्या झाडीच्या आरोग्यावर अवलंबून नसते, मागणी किती नोंदवली यावर असते. भोवतालच्या शेतांतील प्रत्येक किडा मेला तरी फेझंटच्या मोसमात खंड पडणार नाही.

याच्या उलट युरोपातील करड्या तितराची कथा आहे, आणि माझ्या मते या साऱ्या वादाचे मर्म तिच्यात आहे. एके काळी इंग्लंडच्या शेतांत विपुल असलेला हा पक्षी १९६० च्या दशकानंतर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. डिक पॉट्स या शास्त्रज्ञाने १९६८ पासून ससेक्सच्या टेकड्यांवर चालविलेल्या अभ्यासातून त्याचे एक प्रमुख कारण पुढे आले. तितराचे पिल्लू पहिले काही आठवडे जवळजवळ सर्वस्वी किड्यांवर जगते. तणनाशकांनी गहू-सातूच्या पिकांतील तण गेले, तणांबरोबर त्यांवरचे किडे गेले आणि पिल्ले उपाशी मेली. बंदूक त्या विनाशाचे मूळ नव्हती. ज्या जमीनदारांना रानचा तितर परत हवा होता त्यांना शेताच्या कडा बिनफवारणीच्या ठेवाव्या लागल्या, कुंपणाच्या झाडोऱ्याची पुन्हा लागवड करावी लागली, आणि किड्यांना हिवाळ्यात आसरा मिळावा म्हणून शेतातून गवताचे बांध घालावे लागले; आणि जेथे हे झाले तेथे चंडोलादी पक्ष्यांनाही त्याचा लाभ झाला. शिवाय शरद ऋतूत गणती करावी आणि शंभर हेक्टरांत वीसपेक्षा कमी तितर भरले तर त्या वर्षी बार काढू नये, असा संकेत तेथील जाणत्यांनी घालून दिला आहे.

म्हणून माझा भेद शिकार आणि अशिकार असा नाही; तो शिलकेची शिकार आणि भरतीची शिकार असा आहे. भूमीने आपल्या बळावर दिलेल्या विणीतून सर्व हक्कदारांचा भाग जाऊन जे उरते त्यावर चालणारी शिकार शिलकेची. आणि बाहेरून पक्षी आणून, अथवा इतर हक्कदारांना हुसकून, ठरलेला आकडा गाठून देणारी शिकार भरतीची. पूर्वी आपल्या गावांत खळ्यावर धान्याची रास पडली की सुताराचे, लोहाराचे, चांभाराचे बलुते आधी काढले जाई आणि मग घरधनी आपली पोती भरी. रास लहान पडली म्हणून बलुतेदाराला गावाबाहेर काढण्याचा अधिकार घरधन्याला नव्हता. शिकाऱ्याने रानातील आपले स्थान असेच ओळखले पाहिजे. हॅरिअरचा, खोकडाचा, थंडीने आणि रोगाने मरणाऱ्यांचा भाग आधी. पुढील वर्षीच्या विणीचे बियाणे त्यानंतर. आणि शिकारी हा शेवटचा वाटेकरी. माणसाच्या उकिरड्यांवर पोसून बेसुमार वाढलेले खोकड अथवा कावळे एखाद्या विरळ पक्ष्याच्या विणीपुरते आवरावे लागतील, हे ऑटरबर्नच्या पुराव्यापुढे मी कबूल करतो. परंतु ते त्या पक्ष्यासाठी, बंदुकीच्या भरतीसाठी नव्हे, आणि या दोन हेतूंची सरमिसळ होऊ देणे म्हणजे भेदच पुसून टाकणे होय.

हा भेद हाती असला म्हणजे भरतपूरच्या केवलादेवचा पुनःपुन्हा सांगितला जाणारा दाखलाही निराळा दिसू लागतो. महाराजांनी बदकांच्या शिकारीसाठी ते पाणथळ राखले, हे खरे. पण १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले, तेव्हा उत्तरेकडील दूरच्या प्रदेशांत जन्मलेल्या त्या पक्ष्यांची रास किती आणि शिल्लक किती, याचा हिशेब त्या दरबारात कोणाजवळ होता? पुढे बंदूक गेली, राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९८२ मध्ये चराईवर बंदी घालताना संरक्षकही एक हक्कदार विसरले: गावकऱ्यांच्या म्हशी. त्या बंदीवरून झालेल्या गोळीबारात गावकऱ्यांचे प्राण गेले, आणि म्हशी हटल्यावर गवत माजून पक्ष्यांचे पाणी गुदमरले, हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले. हिशेब न मांडता केलेले रक्षण हे हिशेब न मांडता केलेल्या शिकारीइतकेच आंधळे असते.

आपल्या शेतकऱ्याचा प्रश्न या भेदाच्या उजेडात स्वच्छ होतो. विदर्भात रात्रीतून उभे पीक लोळविणारे रानडुक्कर मारण्याची परवानगी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अधिकारी देऊ शकतो; तो पिकाचा बंदोबस्त आहे, त्याचा निकष नुकसान टळले की नाही हा आहे, आणि शेतकऱ्याला ती परवानगी वेळेवर मिळाली पाहिजे. त्या संकटाच्या आडून शिकारीचा मोसम पुन्हा उघडू पाहणाऱ्यांचा निकष मात्र मारलेल्या डुकरांची संख्या हा राहील, आणि पुढील वर्षी डुकरे कमी झालेली त्यांना परवडणार नाहीत. ज्या देशात १८७१ पासूनच्या कायद्यांनी पारध्यांसारख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले गेले, त्यांच्यातील फासेपारध्याच्या फाशात सापडलेला तितर हा गुन्हा झाला आणि साहेबाच्या बंदुकीने पडलेला तितर हा खेळ, त्या देशाने तरी रानावरील हक्क बंदुकीच्या परवान्यावरून ठरविण्याची चूक पुन्हा करू नये.

स्कॉटलंडने २०२४ च्या कायद्याने ग्राऊसच्या शिकारीस परवाना आवश्यक केला, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु परवान्याची अट केवळ गुन्हा न करण्याची असून भागणार नाही, ती हिशेब दाखविण्याची असली पाहिजे. मोसमापूर्वी गणती, बाहेरून भरती नाही, आणि ज्या वर्षी शिल्लक नाही त्या वर्षी बंदूक घरी, या तीन अटी ज्याला मान्य असतील त्याच्याशी माझे भांडण नाही, कारण त्याचे सुख भूमीच्या सुबत्तेला बांधलेले आहे. ज्याला त्या जाचक वाटतील त्याने रानाचा राखणदार म्हणवून घेण्याचा हक्क सोडून द्यावा, आणि त्याने तो न सोडल्यास समाजाने तो त्याच्याकडून काढून घ्यावा.