भिंतींपुढे थांबताना

अथेनै नगरात सोबत्यांची वाट पाहत असता प्रेषित पौल घरात बसून राहिला नाही. तो नगरातून पायी फिरला. जागोजागीच्या मूर्ती पाहून त्याचे अंतःकरण व्याकूळ झाले. तरीही त्याने मान फिरवली नाही. एका वेदीवरील लेख त्याने थांबून वाचला, आणि पुढे अरियपगात बोलताना त्या लेखापासूनच आरंभ केला (प्रे. कृ. १७).

मुंबईत वांद्र्याच्या चॅपल रोडने रणवार गावठाणाकडे चालताना मला हे आठवले. रिक्षातून या रस्त्याने मी कितीदा गेलो असेन! २०१२ पासून रणजित दहिया यांनी वांद्र्याच्या भिंतींवर चित्रपटांतील चेहरे रंगवले; पुढे इतरांचीही चित्रे आली. खरे सांगतो, प्रथम मला रागच आला. क्रुसाच्या शेजारी नटनट्या!

मग क्रुसाकडे वळलो. वांद्र्यातील रस्त्यांवरचे अनेक क्रूस १८९६ साली आलेल्या प्लेगच्या काळातले. घरोघरी मरण शिरले, तेव्हा भयभीत माणसांनी रस्त्यालाच प्रार्थनामंदिर केले. माझ्यापुढच्या क्रुसाच्या चौथऱ्यावर काही अक्षरे होती. इतक्या वर्षांत मी ती एकदाही वाचली नव्हती. चित्रकाराने निदान ही गल्ली डोळे भरून पाहिली होती, आणि त्याच्या चित्रापुढे लोक थांबत होते. क्रुसापुढे मी कधी थांबलो होतो?

कोणीतरी लावलेली मेणबत्ती वाऱ्याने फडफडत होती. तिच्या उजेडात मी वाकलो आणि झिजलेली अक्षरे बोटाने लावू लागलो.