पाचची धार

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीत चार म्हशींवर संसार चालवणारा एक जण होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कानात आवाज येऊ लागले. शेजारी आपल्या विहिरीत विष टाकतात, असा संशय डोक्यात बसला आणि तो रात्रभर विहिरीवर पहारा देऊ लागला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ओलान्झापिनची गोळी सुरू केली. हळूहळू आवाज थांबले, घर सावरलं.

यंदा आषाढीच्या आधी त्याने माळ घातली आणि विडी सोडली. त्यानंतर मात्र झोप मानगुटीवरून उतरेना. पाचला धारेला बसला की डोकं म्हशीच्या कुशीला टेकायचं, बादली लवंडायची. डेअरीची गाडी निघून जायची. वडील म्हणायचे, "तरणाताठा गडी, आन् कोंबडं आरवलं तरी उठवंना. गोळीचं निमित्त झालंय निस्तं."

आजार सोसलेल्या माणसाला आळशीपणाचा शिक्का फार खोल लागतो. त्याने कुणाला न सांगता गोळ्या उकिरड्यात टाकायला सुरुवात केली.

पहिले काही दिवस झकास गेले. तो चारलाच उठायचा, वडीलही खूश. पुढे रात्रीचीही झोप उडाली. मग एका रात्री बायकोने पाहिलं, तर तो बॅटरी घेऊन विहिरीकडे निघाला होता.

ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामा, तुमीबी चला."

डॉक्टरांनी सगळं ऐकून विचारलं, "गोळी किती वाजता घेत होता?"

"टीव्ही बंद करून. अकराला."

"ही गोळी घेतल्यावर साधारण सहा तासांनी रक्तात सगळ्यात जास्त असते. म्हणजे नेमकी तुमच्या धारेच्या वेळी. आणि विडी?"

"सोडली की. माळ घातलीया."

"फार चांगलं केलंत. पण ते मला कळायला हवं होतं. तंबाखूच्या धुराने यकृत हे औषध लवकर संपवतं. धूर थांबला, तशी तीच गोळी अंगात जास्त साठू लागली. मेंदूला जागं ठेवणाऱ्या हिस्टामिनला ती अडवते, म्हणून ही गुंगी. आता विडी पुन्हा धरायची नाही. गोळी पुन्हा सुरू करू, त्या हिशोबाने मात्रा मी थोडी कमी करतो. रात्री आठला घ्या. सर्दीची गोळी मला विचारल्याशिवाय नको, तिनेही झोप येते. दारू नकोच. आणि गुंगी आहे तोवर कडबाकुट्टी आणि मोटरसायकल बंद."

म्हातारा बराच वेळ गप्प होता. "म्हंजे त्यो लोळत नव्हता?"

"नाही काका. औषध जास्त होत होतं."

पुढचा महिनाभर पाचची धार म्हाताऱ्याने काढली. मुलगा सातला उठून म्हशींना ओढ्यावर न्यायचा, कोवळं ऊन अंगावर घ्यायचा. गुंगी पुरती गेली नाही, पण धारेला बसण्याइतकी उतरली. विहिरीचा संशयही पुन्हा मागे पडला.

तुमच्या घरात कुणाला अशा गोळीने झोप येत असेल, तर गोळी परस्पर बंद करू नका. ती कधी घेता, झोप केव्हा येते, सोबत काय घेता, काय सोडलं, हे सगळं डॉक्टरांना सांगा. दवाखाना लांब असेल, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस मोफत चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.