खिशातले अवजार

मनुष्य रोज घराबाहेर पडताना जे जिन्नस जवळ बाळगतो, त्यांवरून तो स्वतःला कशाकशाबद्दल जबाबदार समजतो याचा बराचसा अदमास बांधता येतो. पैसे, किल्ल्या, मोबाइल या वस्तू ज्याच्या त्याच्या सोयीच्या असतात. परंतु घडीचा चाकू, किंवा पक्कड, पेचकस, आरी आणि पाते एकाच मुठीत मिटवून ठेवलेले बहुगुणी अवजार जो नित्य खिशात वागवतो, तो जणू एक कबुलायतच लिहून देतो की, वाटेत काही तुटले, अडकले वा सैल झाले, तर ते नीट करण्याचे काम मी दुसऱ्याच्या माथी मारणार नाही. म्हणून अशा अवजाराची निवड मला निव्वळ हौसेची बाब वाटत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगावच्या बाजारात हळदीच्या आणि सोयाबीनच्या भावाची चौकशी करीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या सदऱ्याकडे पाहिले, तर पेनाच्या जोडीला टेस्टर खोचलेला पुष्कळदा आढळतो. आणि कृषिपंपाची वीज अपरात्री येते, एखादा फेज केव्हा जाईल याचा नेम नसतो, वायरमन येईपर्यंत पीक तहान धरून बसत नाही, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्याचे कारण विचारावे लागत नाही. हा टेस्टर मोठा विचार करण्याजोगा आहे. त्याच्या पारदर्शक मुठीत निऑनचा चिमुकला दिवा आणि मोठा विद्युत्‌रोध बसवलेला असतो. चपटे टोक तारेला टेकवून माथ्यावरच्या धातूला बोट लावल्याखेरीज तो दिवा उजळत नाही, कारण प्रवाहाचा अत्यल्प अंश धरणाऱ्याच्या देहातून जमिनीत उतरावा लागतो. धरणाऱ्याचा देह हाच ज्याच्या रचनेचा एक भाग आहे, आणि ज्याच्या टोकाने वेळेला स्टार्टरचा पेचही फिरवता येतो, असे हे अवजार आमच्या मुलखाने कोणत्याही जाहिरातीवाचून आपलेसे केले आहे.

म्हाताऱ्यांच्या चंचीत अडकित्ता असतो. दोन दांड्या, एक बिजागरी, एका बाजूला धार: सुपारीसारखे कठीण फळ हाताच्या माफक दाबाने फुटावे एवढीच त्याची विद्या, पण कातरलेले खांड आधी समोरच्याच्या तळहातावर ठेवावयाचे, हा त्याच्याबरोबर आलेला रिवाज मला त्या विद्येइतकाच मोलाचा वाटतो.

1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या या मुलखात, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच, पात्यांची वाटणी जन्मावरून झालेली होती. वस्तरा आणि नराणी न्हाव्याच्या धोकटीत, रापी चांभाराकडे, वाकस सुताराकडे, आणि या सर्वांना पोलाद घडवून पाणी देणारा लोहार. प्रत्येकाच्या कसबाचा मोबदला सुगीच्या खळ्यावर बलुत्याच्या रूपाने मोजला जाई. या व्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य जतन केले, हे मी नाकारीत नाही. परंतु तिने अवजार धरणाऱ्याला त्याच्या जातीशी जखडले आणि न धरणाऱ्याला कायमचे परावलंबी ठेवले, हा तिचा दोष मला तिच्या गुणाहून जड वाटतो. याच जिल्ह्यातील नरसी ज्यांचे जन्मस्थान मानले जाते, त्या शिंप्याच्या कुळातील नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि त्यांत गज व कातर ही धंद्याची साधने भक्तीची साधने होऊन आली आहेत. धंद्याच्या हत्याराला याहून मोठी प्रतिष्ठा कोणी दिली असेल, असे मला वाटत नाही. जे पाते आज कोणीही विकत घेऊन कोणत्याही कामाला लावू शकतो, त्याने कसबाची खोली थोडी गमावली असेल. पण गावातील प्रत्येक हाताला लहानसहान दुरुस्तीचा अधिकार मिळाला, ही गोष्ट लहान नाही.

पाश्चात्य बहुगुणी अवजारांचा इतिहासही गरजेतूनच सुरू होतो. स्वित्झर्लंडातील ईबाख गावच्या कार्ल एल्सनर याने 1891 साली आपल्या देशाच्या सैन्याला जो चाकू पुरवला, त्यात पाते, आरी, डबा फोडण्याचे हत्यार आणि पेचकस एवढेच होते. पेचकस एवढ्याकरिता की, नव्या बंदुकीचे भाग सुटे करण्यास तो लागे. बाटलीचे बूच काढण्याचे मळसूत्र 1897 च्या अधिकाऱ्यांच्या चाकूत आले. अमेरिकेतील टिम लेदरमन याला 1975 साली जुन्या मोटारीने युरोप फिरताना खिशातल्या चाकूला पक्कडही असती तर, असे वारंवार वाटले, आणि 1983 साली त्याचे अवजार बाजारात आले. पुढे दुकानदारांनी एकेका मुठीत पंधरा-वीस पाती कोंबली, त्यांतील बहुतेकांना मालकाच्या हयातीत उजेड दिसत नाही.

सेनगावच्या माणसाला काय हवे? ठिबकची नळी सरळ कापणारे, केबलचे वेष्टन तांब्याला ओरखडा न पाडता सोलणारे, चार बोटे लांबीचे आणि उघडल्यावर पक्के अडकणारे एक पाते, एक पक्कड, एक पेचकस. खताच्या गोणीची यंत्रशिवण योग्य टोकाला एकच टाका कापला की एका ओढीत सरसर उसवते, आणि भलतीकडे कापली तर गाठी आवळून बसतात. ते टोक ओळखणारा डोळा कोणत्याही मुठीत बसवून मिळत नाही. पावसाळ्यात गंजणारे पण गावच्या साणेवर चटकन धार घेणारे पोलाद मी न गंजणाऱ्या हट्टी पोलादाहून पसंत करतो. पुसून तेलाचे बोट फिरवणे एवढी सेवा मालकाने केलीच पाहिजे.

पाते बाळगणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात, आणि हा संशय निराधार नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाकरिता घडवलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या असल्या, तरी 1951 च्या पोलीस कायद्याच्या कलम 37 अन्वये मनाई हुकूम जारी असताना सार्वजनिक जागी चाकूच काय, काठीही बाळगता येत नाही. सणावाराच्या बंदोबस्तात चाकू घरी ठेवण्यात कोणाचा मानभंग होत नाही. शेजाऱ्याची निर्भयता हीदेखील जपण्याचीच गोष्ट आहे.

परंतु पाते निवडण्याचे खरे ज्ञान कोठे आहे, असे विचारल्यास मी खिसेवाल्या पुरुषांकडे बोट दाखवणार नाही. सोयाबीन सोंगायला निघालेल्या बाईच्या लुगड्याला खिसा नसतो. तिचा विळा कमरेला खोचलेला किंवा भाकरीच्या गठुड्यात असतो. बाजारात लोहारापुढच्या ढिगातून एकेक विळा उचलून, मनगट फिरवून, पात्याचा बाक आणि मुठीची जाडी जोखून ती तो घेते. वाळलेल्या सोयाबीनचा दांडा चिवट आणि शेंग तडकणारी. बोथट पात्याने झाडाला हिसका बसला की दाणा मातीत जातो, आणि ती तूट मालकाच्या हिशेबात तिच्या नावे मांडली जात नसतानाही दुपारच्या विसाव्यात ती विळा दगडावर घासून घेते. नित्य बाळगावयाच्या अवजारांविषयी कोणी ग्रंथ लिहावयास घेतलाच, तर त्याने पहिली साक्ष तिची नोंदवावी.